पश्चिमेची झडी

वादळानंतर लष्कराचं आमचं सिग्नल डिटॅचमेंट मालवण किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात उतरलं. मी हवालदार. माझ्या हाताखाली नाईक सुरेश सावंत. मी जामसंड्याचा, तो धामापूरचा. आपल्याच जिल्ह्यात ड्यूटी लागल्याचा मला अभिमान होता. तो सावंतबरोबर वाटून घ्यावा लागतोय, हे मला आवडलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी त्याच्यावर जळत होतो. माझी सर्व्हिस सोळा वर्षं, त्याची सात. तरी काही बिघडलं की कॅप्टनसाहेबांचा पहिला प्रश्न, "सावंत कहाँ है?"

पहिल्याच संध्याकाळी मी व्हरांड्याच्या पश्चिमेला माडाच्या चुडतांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, झडी बांधली. वाऱ्याबरोबरची सर आत येऊ नये म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात घरोघर बांधतात. जरा जास्तच घट्ट बांधली. हे काम तरी सावंतपेक्षा मला बरं येतं, हे दाखवायचं होतं. झडीला लागूनच राउटरचं रॅक होतं. बचावाच्या बोटींशी होणारं सगळं बोलणं त्या राउटरमधून जायचं.

दुसऱ्या दिवशी १३४० वाजता राउटरचा टेम्परेचर अलार्म वाजला. दोन नंबरची बोट वालावलच्या बाजूला खाडीत होती. चार जवान, अकरा गावकरी. वरून पाण्याचा लोंढा येतोय, असा निरोप आला आणि १४१० ला राउटर बंद पडला. बोटीला कळवायचं कसं?

मी फिल्टर झाडला, पंखा बदलला. राउटर सुरू झाला. आठ मिनिटांत पुन्हा बंद. दुसरा पंखा घातला. तेच.

"सावंत को बुलाओ." साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सावंतने वर्गातल्या सरस्वतीपुढची उदबत्ती आणली. राउटर सुरू करून ती मागच्या बाजूला धरली. धूर झडीवर आपटला, बाजूने वळला आणि पुढच्या जाळीतून सरळ आत गेला. आपलीच गरम हवा राउटर पुन्हा पुन्हा ओढत होता.

"दादानू, झडी सोडूक होयी," तो हळूच म्हणाला.

"पाऊस आत येतलो."

"येवंदे. मी ताडपत्री धरतंय."

त्याने सुंभ कापले. मी जागचा हललो नाही. तो रॅकवर ताडपत्री धरून पावसात उभा राहिला. राउटर टिकला. १४५२ ला मी माइक घेतला.

"दो नंबर, रिपोर्ट. ओव्हर."

"दो नंबर ओके. ओव्हर."

"पानी आ रहा है. फौरन किनारा पकड़ो. ओव्हर."

"रॉजर."

पंधराही जण वर चढले.

"झडी हटाने का आयडिया किसका?" साहेबांनी विचारलं.

"हवालदार साब का, सर," भिजलेला सावंत म्हणाला.

प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्याने माझी लाज झाकली, याचा मला रागच आला. आता त्याच्या चांगुलपणाचाही हेवा करायचा होता.

दोन वर्षांनी उत्तरेच्या सीमेवर तुटलेली लाइन जोडायला गेलेला सावंत बर्फाच्या कोसळलेल्या कड्याखाली गाडला गेला. मी धामापूरला त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "तुमचा नाव घेई. दादांनी माका शिकयल्यानी, असां सांगी."

मी पिशवीतून प्रशस्तिपत्र काढून तिच्या हातात दिलं. "आये, ह्यां सुरेशचा."

तिने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हेच्यार तर तुमचा नाव आसा."

"चुकीचा आसा, आये," मी म्हणालो.