साडूभाऊंचा रुसवा

रुसण्यात आमच्या औशाच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस लातूरपासून हदगावपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. औशात भांड्यांचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मान इतका नाजूक की पंख्याच्या वाऱ्यानंही दुखावला जावा. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला झाला की संपलंच. हे मांडवाच्या टोकाला खुर्ची नेणार आणि लग्नाकडं पाठ करून बसणार. "कुणावर राग न्हाई आपला. फक्त जेवणार न्हाई," हे ठरलेलं वाक्य. मग यजमानानं हात जोडायचे, वडीलधाऱ्यांनी समजूत घालायची, आणि शेवटच्या पंगतीला यांनी उठायचं. भूक मात्र कधी रुसत नसे. बुंदी दोनदा मागून घेत. माझ्या वास्तुशांतीला तर ते चुकून शेजारच्या गल्लीतल्या मांडवात जाऊन रुसले. त्या बिचाऱ्यांनी ओळख ना पाळख, फेटा बांधून यांना मनवलं. तिथं जेवून मग हे माझ्याकडं नव्यानं रुसायला आले.

हौसही तशीच दांडगी. चारचाकी घ्यायची म्हणून त्यांनी घराला आधीच भलंमोठं फाटक बसवून घेतलं. गाडीसाठी पैसे साठत होते, आणि त्या फाटकातून साडूभाऊ रोज एकटे, पायी, ऐटीत बाहेर पडत.

त्यांची एकुलती एक मुलगी नांदेडला, आमच्याच भागात राहते. जावई एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. क्लास बंद पडला आणि फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते थकले. बँकेची माणसं दारात येऊन गेली. राहतं घर हातचं जायची वेळ आली. पोरगी माझ्या बायकोजवळ रडली आणि बायकोनं औशाला फोन केला. पण जावई पडला मानी. "मामांचा एक रुपया घेणार न्हाई," म्हणून तो हटूनच बसला होता.

दुसऱ्याच दिवशी साडूभाऊ एसटीनं आले आणि मला सोबत घेऊन लेकीच्या घरी गेले. दोन मानी माणसांत माझं मरण, हे मी ओळखलंच होतं. त्यांनी चहा बाजूला सारला.

"जावईबापू, तुम्ही माझा लई मोठा अपमान केला."

जावई घाबरून उभाच राहिला.

"लग्नात तुम्ही रुसलाच न्हाईत! नवरदेव म्हणलं की रुसावं, अंगठी मागावी, घड्याळ मागावं. तुम्ही गुमान जेवून मोकळे. औशात लोक अजून म्हणायलेत, सासऱ्याजवळ द्यायसारखं काही नव्हतंच!"

"मामा, मला रुसता येत न्हाई."

"मी कशाला हाय मग? घ्या खुर्ची. भिंतीकडं तोंड करा. पाणी दिलं तरी प्यायचं न्हाई. मान ताठ ठेवा, मान!"

सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा, म्हणून गणिताचे मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले. मला हसू आवरेना. पण जरा वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले, आणि माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. तेव्हा साडूभाऊ उठले. ज्यांच्यापुढं आख्ख्या गोतावळ्यानं हात जोडले, त्यांनी जावयापुढं हात जोडले.

"उठा बापू. गाडीचे पैसे हायत, ते घ्या. फाटक काय पळून चाललंय व्हय? रुसलेल्याला दिलेलं नको म्हणता येत न्हाई. रीत हाय आपली."

जावयानं डोळे पुसून होकाराची मान हलवली. लेकीनं चहा पुन्हा गरम केला आणि साडूभाऊ दोन कप प्याले. खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की माझेही डोळे भरून आले. हप्ते भरले गेले, पुढं जावयाला दुसऱ्या क्लासमध्ये काम मिळालं, आणि घर राहिलं.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. साडूभाऊंसाठी मी खास फेटा आणून ठेवला होता, पण गडबडीत आधी दुसऱ्याच तिघांना आहेर झाला. मांडवाच्या टोकाला धावत गेलो, तर तिथं कुणीच नव्हतं. साडूभाऊ पहिल्याच पंगतीत जावयाशेजारी निवांत जेवत होते.

"साडूभाऊ, चुकलं माझं. रुसला न्हाईत?"

"होता नव्हता तेवढा रुसवा जावयाला देऊन टाकला," ते म्हणाले. "आता कुठून आणू?"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. तरी त्यांना फेटा बांधताना माझी नजर सारखी मांडवाच्या त्या रिकाम्या टोकाकडं जात होती. लग्नाकडं पाठ करून बसलेलं माणूस नाही, तर लग्न आपल्या घरचं वाटेचना.