नात्यात नसलेली आत्या

अलकनंदा सोमण यांना आपण ओळखत होतो, असं म्हणायला दत्तात्रय लिमयांची जीभ रेटत नाही. फरीदाबादला त्या त्यांच्याच सेक्टरमध्ये राहत, केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झाल्या होत्या आणि चहात साखर घेत नसत. झालं, एवढंच. त्यांचं माहेर कुठलं, मागेपुढे कुणी होतं की नाही, दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळांचे उंबरे झिजवायचं हे वेड त्यांना कुठून लागलं, हे लिमयांनी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटे. पण त्यांच्या मनातलं ओठांवर यायला वेळ लागे आणि तेवढ्यात बाई पिशवी उचलून निघालेल्या असत.

ओळख झाली ती मराठी मंडळाच्या गणपतीत. ढोल वाजायला लागले आणि लिमयांची नात कृतिका कानांवर तळवे दाबून मांडवाच्या खांबाशी उकिडवी बसली. तिची आई रेवती तिला उठवत होती, चार बायका भोवती उभ्या राहून "काय झालं, काय झालं" करत होत्या. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई पुढे झाली. तिने आपली शाल काढून मुलीच्या डोक्यावरून पांघरली आणि रेवतीला म्हणाली, "बसू दे तिला. कुठल्या शाळेत जाते?"

पुढे कळलं, की त्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असे. बाकीचे लोक "जन्मापासूनच का?" असं विचारायचे.

शाळेचंच तर दुखणं होतं. कृतिका सहावीत होती. हळू शिकायची, मोजकं बोलायची, गोंगाट झाला की भेदरायची. पाचवीपर्यंत कुणी काही म्हणालं नाही. आता मात्र शाळेने सुचवलं होतं, की दाखला पालकांनी आपणहून मागितला तर मुलीच्याच हिताचं होईल. रेवती हे सांगताना रडली. अलकनंदाबाई मात्र हसल्या.

"ते काढत नाहीत हो मुलांना. कायदा आड येतो ना. मग ते तुमच्याच हाताने काढून घेतात. बसवतात, चहा पाजतात, गोड बोलतात. आणि आपला सरकारी नोकरीतला मराठी माणूस! एकदा त्यांचा चहा प्यायला, की सहीला नाही म्हणायची त्याला लाज वाटते."

लिमये अख्खा जन्म सरकारी नोकरीत होते. बाईंनी आपल्याला आरपार पाहिलं असं त्यांना वाटलं.

मीटिंगला फक्त घरचे चालतील, असा शाळेचा नियम होता. म्हणून बाई आल्या त्या कृतिकाची आत्या होऊन. फाटकापाशीच्या क्लार्कने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडमजी, आप तो पिछले साल किसी और बच्चे की भी बुआ थीं?"

"भाई बहुत हैं मेरे," बाई म्हणाल्या. "सब निकम्मे हैं, इसलिए मुझे आना पड़ता है."

क्लार्कला हसू आवरलं नाही. लिमयांनाही आवरलं नाही, पण ते जरा बोचलंही. त्यांचा मुलगा जयदीप, कृतिकाचा बाप, गुरुग्रामला ऑफिसात होता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

आत गेल्यावर बाईंनी आधी काय केलं, तर भिंतीकडेची एक रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी आणली आणि कृतिकाला तिच्यावर बसवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलीला बाहेर बसवू या, मोठ्यांचं बोलणं आहे. "बोलणं तिच्याबद्दल आहे ना? मग तिच्यासमोर होऊ दे," बाई म्हणाल्या. आणि लिमयांनी पाहिलं, की मूल समोर बसलं की माणसांना 'ऐसे बच्चे' म्हणणं अवघड जातं. शब्द अडखळायला लागले. शेवटी ठरलं, की कृतिका शाळेतच राहील, तिला शिकवायला वेगळ्या शिक्षिका मिळतील आणि पेपर तिला वाचून दाखवला जाईल. चहाला कुणी हात लावला नाही.

ते वर्ष चांगलं गेलं. कृतिका दाराशी बूट घालून वेळेआधी उभी राहायची.

मग त्या शिक्षिका लग्न होऊन गेल्या. त्यांची जागा भरलीच नाही. कृतिकाला दिवसभर लायब्ररीत बसवू लागले. मुख्याध्यापिकाही नव्या आल्या आणि त्यांनी पुन्हा मीटिंग बोलावली. या वेळी जयदीप आला होता. पण फाटकावर बाईंना अडवलं. क्लार्क तोच होता. मान खाली घालून म्हणाला, "सिर्फ माँ-बाप और दादा-दादी. ऊपर से ऑर्डर है, बुआजी."

बाई वाद घालतील असं लिमयांना वाटलं. त्या गार्डच्या स्टुलावर बसल्या. थकलेल्या दिसत होत्या. खोकला तेव्हाच सुरू झाला होता. "दत्तोपंत, चहा घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि खुर्ची विसरू नका."

लिमये खुर्ची विसरले नाहीत. त्यांनी स्वतः ती ओढली, तिचा फरशीवर कर्कश आवाज झाला, कृतिकाने कान झाकले. नव्या मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली नाही. उलट त्या पुढे वाकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बेटा, तुम ही बताओ. स्कूल आना अच्छा लगता है?"

कृतिकाने कानांवरचे हात काढले. सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं.

"नहीं," ती म्हणाली.

लिमयांना आठवत राहिलं, की गेल्या वर्षी ही मुलगी दाराशी बूट घालून उभी असायची. लायब्ररी, गेलेल्या शिक्षिका, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण जयदीप आधी बोलला, मराठीत, बापाकडे वळून.

"बाबा, तिलाच नको आहे. मग आपण कुणासाठी भांडतोय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सुटल्यासारखंही काही होतं. रेवतीने नवऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. दाखल्याचा अर्ज शाळेने तिच्याच अक्षरात लिहून घेतला.

बाहेर आल्यावर लिमयांनी घडलं ते सांगितलं. अलकनंदाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत.

"ती स्वतः म्हणाली?"

"हो."

त्यांनी कृतिकाकडे पाहिलं. ती फाटकाच्या गजांतून हात आत घालत, बाहेर काढत होती. मग म्हणाल्या, "खरंच सांगितलं तिने. कुणाला आवडेल तिथे? पण मुलगी नाही म्हणाली, तर शाळा बदलायला हवी होती हो आतून. त्यांनी मुलगीच काढून टाकली." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "तिला विचारा, विचारा, म्हणून मीच तर सगळीकडे सांगत आले."

त्यानंतर त्या कुणाची आत्या होऊन गेल्याचं लिमयांच्या कानावर आलं नाही. कदाचित गेल्याही असतील. कृतिका काही दिवस विशेष मुलांच्या एका सेंटरला गेली. तिथे तळघरात मुलं कागदी पिशव्या करत. मग तेही सुटलं.

थंडीत, हवा धुराने गढूळ झालेली असताना, बाई गेल्या. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, त्याखाली हात जोडलेली चित्रं आली. स्मशानात लिमयांना बरेच अनोळखी लोक दिसले, सरदार, मुसलमान, बिहारी, सोबत आपापली मुलं. एक मुलगा सारखा टाळ्या वाजवत होता, त्याला कुणी थांबवलं नाही. एकाने लिमयांना विचारलं, आप इनके क्या लगते हैं?

त्याआधी थोडेच दिवस त्या भाजीच्या गाडीपाशी भेटल्या होत्या. तोंडाला मास्क, अंगावर तीच शाल. कृतिका कुठे जाते आता, असं त्यांनी विचारलं. घरीच असते, लिमये म्हणाले. बाईंनी मान हलवली. गाडीवरची मटारची एक शेंग उचलून त्यांनी सोलली आणि दाणे लिमयांच्या तळहातावर ठेवले.

"बघा बरं, गोड आहेत का."

"आहेत."

"मग घ्या थोडे जास्त. कृतिका सोलेल ना?"

"सोलेल," लिमये म्हणाले.