भिंतीला लावलेली सायकल

रस्त्यात कुणाची वस्तू पडलेली दिसली की आमची मंडळी तिच्याशेजारी उभी राहायची. उचलायची नाही, घरी आणायची नाही. नुसती उभी. जालन्याच्या मोंढ्यात एकदा बैलगाडीवरून सरकीचं पोतं पडलं आणि गाडीवान तसाच पुढं गेला, तर ही दुपारभर उन्हात पोत्याजवळ. मी जिनिंगमधून सुटून घरी आलो तर दाराला कडी. हुडकत गेलो. म्हटलं, "पोतं काय तुझ्या बापाचं हाय का?" तर म्हणाली, "ज्याचं हाय तो येईल की. तुमी जेवून घ्या, भाकरी टोपल्यात हाय." गल्लीनं तिचं नाव राखणवाली पाडलं होतं. चिडवायला पाडलं, पण कुणाचं काही हरवलं की पहिले तिच्याकडंच यायचे.

ती जाफराबादकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. त्यांच्यात कोकरू मागं राहिलं तर उचलून नेत नाहीत, त्याच्याजवळ थांबतात. मेंढी फिरून त्याच जागी येते. "उचललं की ती बिचारी येती, जागेचा वास घेती अन् वरडत फिरती," ती सांगायची. "माणूस बी तसंच. जिथं ठिवलं तिथंच हुडकायला येतं." मी हसायचो. मी चौथी शिकलेला, ती अंगठेबहाद्दर. मला वाटायचं, हिला शहर कळत नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीला एक सायकल लावलेली होती. कामावर जाता-येता महिनाभर मी ती बघत होतो. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, सीटवर चिमण्यांची घाण. समोरच्या चहावाल्याला विचारलं, "कुणाची रे ही?" "असंल कुणाची. टाकून गेला असंल." मला तेवढंच पाहिजे होतं. एका रविवारी दगडानं कुलूप फोडलं आणि सायकल नेली. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव होतं. मी ते वाचलं. वाचलं आणि वरून काळा रंग मारला. नाव दिसलंच नसतं तर गोष्ट वेगळी होती.

घरी सांगितलं, मुकादमानं जुनी दिली. तिनं विचारलं, "खरं का?" मी म्हणालो, "बिलकुल." मंग पुन्हा विचारलं नाही. दर आठवड्याला कॅरिअरवर बसून बाजारला यायची. एका हातानं डोक्यावरचा पदर धरायची, दुसऱ्या हातानं माझा सदरा. उतार आला की ओरडायची, "अहो, हळू! पोटात गोळा येऊन राह्यला!" आणि हसत सुटायची. तशी हसलेली मी तिला नंतर फार बघितली नाही.

त्या साली गल्लीतल्या देवळात बायांना लिहावाचायला शिकवायचा वर्ग निघाला. ही रोज जायची. दिसेल ते वाचायची, तेलाचा डबा, एस.टी.ची पाटी, भिंतीवरची जाहिरात.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आमच्याकडं हत्यार म्हणजे विळा, कुऱ्हाड आणि सायकल. तिनं राख आणि नारळाची शेंडी घेऊन सायकल घासायला काढली. माझा रंग हलका होता, निघून आला. मी दाढी करत होतो, तर अंगणातून आवाज, एकेक अक्षर तोडून: "दा... मू... मंठा."

"अहो, मुकादमाचं नाव तर हे न्हाई."

"आधीच्या मालकाचं असंल."

"खरं का?"

या वेळी माझ्या तोंडून 'बिलकुल' निघालं नाही. तिनं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. "कुठून उचलली?" मी सांगितलं. "कुलूप होतं?" मी मान डोलावली. "कुलूप लावलं म्हंजी त्याला परत यायचं होतं की."

मी म्हणालो, पोलीस मारतील, काम जाईल, खाशील काय? ती म्हणाली, "तुमी नका येऊ. मी जाते. मला आता गाव वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी सायकल एस.टी.च्या टपावर टाकली आणि दोघं मंठ्याला गेलो. दामूचं घर सापडलं. त्याची बायको बाहेर आली, सायकल बघितली आणि उंबऱ्यावर खाली बसली. दामू सायकलवर कापड विकत फिरायचा. जालन्यात ताप चढला म्हणून तसाच पायडल मारत दवाखान्यात गेला. महिना-सव्वा महिना तिथं पडून होता, तिथंच गेला.

"शेवटाला एकच बोलत व्हते," ती म्हणाली. "सायकल भिंतीला हाय, किल्ली खिशात हाय. दीर बघायला गेल्ता. भिंतीला काहीच न्हवतं. आमी म्हणलो, तापात बडबडून राह्यले." तिनं खुंटीवरची किल्ली काढून आणली. लावायला कुलूपच नव्हतं.

दिरानं माझ्या दोन मुस्काटात दिल्या. बराबर दिल्या. आमची मंडळी मधी पडली नाही. ती त्या बाईचे हात धरून बसली होती. म्हणाली, "अक्का, तुमच्या माणसानं खरं सांगितलं होतं. खोटं बोलला तो माझा हाय."

परत येताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती. मला शिवी दिली नाही, कधीच दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुढं काही वर्षांनी मी माझ्या कमाईची सायकल घेतली, पावती तिच्याकडूनच वाचून घेतली. तरी कॅरिअरवर बसली नाही. "मला चालायची सवय हाय," म्हणायची. आणि मी साधी मेथीची जुडी आणली तरी "खरं का?" दोनदा विचारायची.

ह्या साली ती गेली. दवाखान्यात आत नेताना तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, भिंतीला लावून, सरळ जोडीनं. तिला घरी आणायच्या गडबडीत मला त्यांचं ध्यान राहिलं नाही. दहावा झाल्यावर आठवण आली. गेलो, तर भिंतीला काहीच नव्हतं. झाडूवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "लई दिवस पडून व्हत्या, बाबा. नेल्या असतील कुणी. कुणाच्या न्हाईत वाटलं असंल."

नेणाऱ्याला कोणत्या तोंडानं बोल लावणार? संध्याकाळपर्यंत त्या जागेवर नुसता उभा राहिलो.