उरलेली दहा मिनिटं

समस्त अकोलेकरांच्या हिताचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही, हे मी अत्यंत जड अंतःकरणानं जाहीर करतो. फुटबॉलमध्ये आपण एका गोलनं मागे, दहा मिनिटं शिल्लक. चेंडू घेऊन पळायचं की पास द्यायचा?

आमचा गॅसशेगडी दुरुस्त करणारा पासवाला. रविवारचा सामना संपला की तो फक्त या वादासाठी दुकान उघडतो. काउंटरवर खेळाडू म्हणून शेगडीचे नट मांडून त्यांना स्क्रूड्रायव्हरनं सरकवत म्हणतो, "पास दे ना बाप्पा. एकटा पळून कुठी जाशीन?" मी पळणाऱ्यांचा वकील. चहा दोनदा येतो, माझी शेगडी मात्र तीन आठवडे तिथंच पडून. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच राहतो. आठवडाभर लोक त्याच्याशी बोलतात ते शेगडीपुरतंच.

परवा मला घाई होती. म्हटलं, "पटलं भाऊ, पासच बरोबर." वाटलं, खूश होईल.

त्यानं नट गोळा करून डब्यात टाकले आणि पाच मिनिटांत शेगडी दुरुस्त करून माझ्यापुढे ठेवली. ती उचलून मी पायरी उतरलो, तेव्हा मागून एकदम बोलला, "तुमी बी मानलं, तं आता मी भांडू कोनासंग?"