रिकामी नसलेली खोली

'जुनं बंदर उद्यान' या नावाचं 'सागरी वारसा उद्यान' करायला साहेबलोकांना एक बैठक पुरली. आतली जहाजं तीच, गंजलेले नांगर तेच. पाटी मात्र बदलायला हवी! म्हणून रंगाऱ्याला बोलावणं आलं. जुनं नावही त्याच्याच हातचं. तेव्हा शिडीखाली बायको उभी असायची. "शेवटचं अक्षर ढळलंय," असं खालून ओरडायची, की हा वरून चिडायचा. ती गेली. आता चिडायचं तरी कुणावर?

दुसरा कुणी जुन्यावरच रंग फासून दुपारी घरी गेला असता. हा दिवसभर जुनं नाव खरवडत बसला.

"त्या नावानं तुमचं काय घोडं मारलंय हो?" फाटकावरचा पहारेकरी हसला.

"होडीचं जुनं नाव खरवडल्याशिवाय नवं घालत नाहीत. नाहीतर तिला दोन्हीकडून हाका येतात, अन् ती कुणाचीच राहत नाही."

"अहो, ही पाटी आहे!"

"मग? आतल्या होड्यांना आता हेच नाव लागणार ना?"

संध्याकाळी तो उद्यानाच्या भिंतीमागच्या आपल्या खोलीवर परतला. दारावर, कुलपाच्या वर, खडूनं लिहिलं होतं: रिकामी.

उद्यान मागं वाढवता येईल का, यासाठी घरोघर पाहणी चालली होती. ठरलंच, तर रिकाम्या खोल्या आधी पाडणार होते. तो तडक पाहणीच्या कचेरीत घुसला.

"रिकामी? मग मी काय भूत आहे?"

टेबलामागची मुलगी ओशाळली. "काका, खूप ठोठावलं. पण राहणारा दारात दिसल्याशिवाय नोंद होत नाही. उद्या पुन्हा फेरी आहे, घरी थांबा."

"उद्या पाटी पुरी करायचीय. तुमचीच!"

"मग घरातल्या कुणालातरी थांबवा."

एवढा तिखट जिभेचा माणूस, पण तसाच बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं खडू पुसला नाही, खरवडून काढला. मग सुबक अक्षरांत रंगवलं: 'इथं माणूस राहतो. फाटकापाशी शिडीवर आहे. हाक मारा.'

दुसऱ्या दिवशी हात पाटीवर अन् कान खाली. दुपारी कचेरीतल्या मुलीची हाक आली.

"काका! चला, दारात उभे राहा."

तो धावत गेला, दारात उभा राहिला. तिनं लिहिलं: राहणारे, एक.

परत येताना ती फाटकापर्यंत सोबत होती. तो शिडी चढला. "पोरी, जरा लांबून बघ. शेवटचं अक्षर ढळलंय का?"

"छान आहे," कागदातून मान वर न काढता ती म्हणाली आणि निघाली.

त्यानं मान तिरकी करून अक्षर पाहिलं. मग ते ओलं असतानाच पुसलं आणि पुन्हा काढायला घेतलं.