अंदाजे साठ

सुमन सिस्टरवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीला. बारा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या बाईला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. कारण? माझं पत्रक.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रजेवरून नुकत्याच आल्या होत्या आणि तिथे दाखल असलेल्या माझ्या आईच्या फायलीवर बोट ठेवून डॉक्टरला झापत होत्या. "साठ किलो? ही बाई साठ किलो? अहो, कांद्याची गोणीसुद्धा कोणी डोळ्यांनी तोलत नाय!" त्यांचे वडील कळवणच्या बाजारात मापारी होते. बेशुद्ध माणूस काट्यावर उभा राहत नाही, म्हणून सरसकट 'अंदाजे साठ' लिहायची तिथली रीत. सिस्टरनी अडगळीतला झोळीचा काटा ओढत आणला. आई भरली अडतीस.

आईच्या रक्तात जंतू शिरले होते. तोवर अँटिबायोटिक चाललं होतं साठ किलोच्या, धडधाकट किडनीच्या माणसाचं. तीन दिवसांत तिचे हात झटके देऊ लागले होते, ती हाकेला ओ देत नव्हती. सगळे म्हणत होते, आजार वाढला. सिस्टरनी मला लघवीची पिशवी दाखवली. "बघ पोरी, लघवी उतरतच नाय, किडनी दमलीय. औषध आत साचतंय. कमी पडलं तर जंतू माजतात, जास्त झालं तर हे असं." मोठ्या डॉक्टरांना फोन करकरून त्यांनी बोलावून घेतलं. डोस बदलला. दोन दिवसांनी आईने पाणी मागितलं.

मी पेटले. या 'अंदाजे साठ'वर पत्रक छापलं, शहरातल्या द्वारका चौकात वाटलं. त्यात सिस्टरचं नाव ठळक, कौतुकाने. 'आतल्या गोष्टी बाहेर सांगितल्या' म्हणून त्यांना हलवलं. मी खिडकीशी माफी मागायला गेले.

"माझं नाव कशाला लिहिलंस गं? काट्याचं लिहायचं होतंस."

महिनाभरात नोकरी सोडून त्या गावी गेल्या. माझा फोन उचलत नाहीत. आई मात्र दर रविवारी वजन करून येते आणि दारातूनच ओरडते, "सिस्टरना कळव गं, चव्वेचाळीस झाले!" मी हो म्हणते. त्यांचा तो झापणारा आवाज ऐकायला कान आसुसलेत.

म्हणून आता काट्याचं लिहिते. तुमचं माणूस आत असेल तर आत्ता उठा, फाईल उघडायला लावा आणि विचारा: वजन तोललंत की अंदाजे लिहिलंत? आणि काटा येईपर्यंत तिथून हलू नका.