फुलाबाईचा आखडलेला खांदा
भाटघरच्या पाण्याकडेला राहणाऱ्या फुलाबाईला जन्माची एक खोड होती. काही बिघडलं, की ते का बिघडलं हे कळेस्तोवर तिला घास गोड लागत नसे. म्हणून साठीला टेकल्यावर तिचा उजवा खांदा अडला, तेव्हा दुखण्यापेक्षा कोडंच मोठं पडलं.

भातलावणीत ती बांधावरून घसरून खांद्यावर पडली होती. नवरा चिमाजी मायेचा माणूस. त्यानं तिचा हात पंच्यानं गळ्याशी बांधला आणि दोन महिने सोडू दिला नाही. भाकरी त्यानं थापल्या, धार त्यानं काढली. दुखणं ओसरलं, पंचा सुटला, पण हात वर जाईना, पाठीमागं तर नाहीच नाही. अंबाडा चिमाजीच घालायचा, तोही वैरणीची पेंढी बांधावी तसा. थोरली जाऊ रत्ना उंबऱ्यातून म्हणायची, "भावजी, दोन पेंढ्या आमच्या बी बांधा की." फुलाबाईच्या ते जिव्हारी लागे. आपली वेणीफणी पुन्हा आपल्या हातानं होईल का, एवढंच तिला हवं होतं.

कुणी खांद्यात वारं भरलं म्हणालं, कुणी हात हिसडून मोकळा करायला निघालं. फुलाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. दोघं एसटीनं भोरला गेली.

तिथं व्यायामाचे उपचार करणाऱ्या नीरजाताईंनी खांद्याचा फोटो पाहिला, हाड शाबूत असल्याचं सांगितलं, मधुमेहानंही खांदा धरतो म्हणून रक्तातली साखर तपासून घ्यायला लावली. मग फुलाबाईला हात उचलायला सांगितलं. अडला. त्यांनी स्वतः हळूच उचलून पाहिला. तिथंच अडला.

"माज्यानं न्हाई झालं ते कळलं," फुलाबाई म्हणाली, "पर तुमच्यानं का न्हाई?"

नीरजाताई हसल्या. "हात उचलणारी आतली दोरी तुटली असती मावशी, तर मला तो वर नेता आला असता. तुमचा सांधाच आखडलाय. फार दिवस बांधून ठेवला ना."

चिमाजी खाली बघत राहिला. "मंजी म्याच केलं व्हय हे?"

"तुमी भाकरी केल्या," फुलाबाई म्हणाली.

मग शेक, ओणवं होऊन हात झुलवणं, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, सगळं सोसेल तेवढंच. बोटं पोचतील तिथं ती कोळशानं रेघ ओढायची. एखाद्या दिवशी रेघ खाली यायची, मग ती कारण शोधत बसायची. उजव्या कुशीवर झोपलं की असं होतं, हे तिचं तिनंच हुडकलं.

पुढं म्हशीनं हातातल्या दाव्याला हिसका दिला आणि रत्नाचा हात लुळा पडला. फुलाबाईनं तो उचलून पाहिला. सहज वर गेला. तसाच वर धरायला सांगून सोडला, तर खाली पडला.

"जाऊबाई, हे माज्यावानी न्हाई. उद्याच भोर गाठा."

दुसऱ्या दिवशी रत्नानं पहिलीच एसटी धरली.

शिमग्याच्या आसपास एका सकाळी चिमाजी रोजच्यासारखा फणी घेऊन मागं बसला. फुलाबाईनं फणी त्याच्या हातून घेतली. अंबाडा वाकडाच झाला, वेळही फार लागला. तोवर चिमाजी आपले हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसला होता.